सरांचा बुधवार

सर स्कूटरवर गात असत. हेल्मेट घालून, काच खाली ओढून. नारपोलीहून वळ गावातल्या आमच्या गोदामात यायचं म्हणजे रस्त्यात कंटेनर, ट्रेलर, टेम्पो आणि त्यांच्या मधून घुसणाऱ्या रिक्षा. या सगळ्यांच्या डाव्या कडेनं सरांची जुनी पांढरी स्कूटर तीसच्या वेगानं चाललेली असायची. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकत. सर आत भजन म्हणत असत. बाहेर नुसतं घुमल्यासारखं ऐकू येई. अंजूरफाट्याला गाड्या अडकून पडल्या की शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा, हा माणूस कुणाशी बोलतोय म्हणून.

मी एकदा विचारलं, "सर, रस्त्यावर का गाता?"

"घरी बायको गाऊ देत नाही. चर्चमध्ये माझा सूर लागला की पुढच्या बाकावरची माणसं वळून बघतात. इथं कुणाची तक्रार नाही."

हे ते विनोद म्हणून सांगत नव्हते. सर कुठलीच गोष्ट विनोद म्हणून सांगत नसत, त्यामुळे हसावं की नाही ते आम्हाला कळायचं नाही.

गोदामात ते डिस्पॅचचे इन्चार्ज होते आणि मी त्यांच्या हाताखाली सुपरवायझर. मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन-चार पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती. उंच, किडकिडीत, पांढरा फुल शर्ट, आणि बूट असे चकचकीत की धुळीनं भरलेल्या त्या गोदामात ते वेगळेच दिसत. सणासुदीच्या सेलमध्ये आमच्याकडे प्रत्येक जण पळत असतो. सर कधी पळाले नाहीत आणि दुसऱ्यालाही पळू देत नसत. "पळणारा खोका टाकतो," म्हणायचे, "आणि टाकलेला खोका उचलायला त्यालाच परत यावं लागतं."

त्यांच्याशी बोलताना त्यांचा फोन वाजला तर ते तो वाजू देत. मॅनेजरचा असला तरी. "तू आधी आलायस," एवढंच म्हणत आणि पुढे ऐकत राहत. मॅनेजर मग धापा टाकत खाली यायचा आणि सर त्याला शांतपणे सांगायचे, "आता बोला, आता मी तुमचा."

जेवायच्या आधी ते प्रार्थना करत, पण डोळे उघडे ठेवून. नव्यानं आलेल्या एखाद्याला वाटायचं, हे आपल्याकडेच टक लावून का बघतायत. मी कारण विचारलं होतं. लहानपणी एकदा डोळे मिटले आणि तेवढ्यात मांजरानं ताटातला मासा नेला. "तेव्हापासून मी देवाला म्हटलं, तुझ्याकडे मन ठेवतो, ताटाकडे डोळे ठेवतो. त्याची हरकत दिसली नाही."

रविवारी सर मिळत नसत. सेलच्या दिवसांत वरून दबाव यायचा की रविवारी सगळ्यांनी यायचं. मॅनेजरनं एकदा सर्वांसमोर विचारलं, "तुम्हालाच काय वेगळा नियम?" सर म्हणाले, "सहा दिवस पूर्ण घ्या. सातवा माझाही नाही, तो मी तुम्हाला कसा देऊ?" पण दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आणि ईदच्या दिवशी गोदामात उभे राहणारे तेच. आमच्यातला कुणी घरी जायला मिळेल का म्हणून चुळबुळ करू लागला की सर आधीच सांगत, "तू जा. मी आहे." त्यामुळे रविवारचा राग कुणाच्या मनात टिकला नाही.

त्यांचा एक प्रश्न होता. समोरच्याचं लक्ष नाही असं दिसलं की विचारायचे, "तू आत्ता कुठे आहेस?" मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, "तुमच्या समोर." ते म्हणाले, "ते दिसतंय. तू कुठे आहेस?" मी खरं तर तेव्हा चार ठिकाणी होतो. एका कानाला फोन होता, दुसरा फोन खिशात थरथरत होता, हातात गाडी भरल्याचे कागद होते आणि डोक्यात संध्याकाळच्या मॅचची टीम ठरत होती.

माझं त्या वेळचं आयुष्य सांगायला हवं. आम्ही वळचेच. आमची शेती गेली आणि त्या जागी गोदामं आली, तशी बऱ्याच घरांची गेली. पैसा आला, घर झालं, गाडी आली. नोकरी मला स्थानिक म्हणून मिळाली. नोकरीशिवाय मी दोन टेम्पो चालवायला दिले होते, गाळे भाड्यानं लावून द्यायचो, गावच्या क्रिकेट टीमचं सगळं बघायचो, गणपती मंडळात होतो आणि पक्षाच्या युवक शाखेतही. पक्षाचं काम माझा शाळेपासूनचा मित्र नरेश बघायचा. रोज संध्याकाळी त्याच्या ऑफिसात बैठक, मग गच्चीवर प्यायला बसणं, मग कुठे हळद, कुठे वाढदिवस. घरी जायचो ते झोपायला. मला वाटायचं, यालाच कर्तबगारी म्हणतात. सगळे तसंच म्हणायचे.

सर दर वर्षी एकाला निवडत आणि वर्षभर बुधवारचं जेवण त्याच्याबरोबर घेत. का निवडतात ते सांगत नसत. माझ्या आधीच्या वर्षी फोर्कलिफ्ट चालवणारा रफीक होता. गोदामाच्या मागच्या अंगाला कुंपणापाशी एक जुनं जांभळाचं झाड शिल्लक राहिलंय, त्याच्याखाली दोन उलटे क्रेट टाकून ते बसत. एका बुधवारी सर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "डबा घेऊन मागे ये. दोन्ही फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेव."

मला वाटलं, नोकरी गेली.

बसल्यावर त्यांनी विचारलं, "काल रात्री काय जेवलास?"

मी आठवायला लागलो. आठवेना.

"भाजी कुणी केली होती?"

"बायकोनं."

"वाया गेली," सर म्हणाले आणि भाकरी मोडली.

त्या दिवशी त्यांनी मला दुसरं काही सांगितलं नाही. निघताना म्हणाले, "एक काम कर. रात्री घरी जेव. घरच्यांबरोबर, एकाच वेळी, फोन कपाटात ठेवून."

"आणि?"

"एवढं जमव. मग बघू."

एवढं जमायला पावसाळा गेला आणि दिवाळी आली. पहिल्या आठवड्यात बायकोनं विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "गावात काही भानगड करून ठेवली का? खरं सांगा." मुलगी मात्र काही विचारत नव्हती, ती माझ्या ताटातले तळलेले बोंबील उचलायची. बाबा, म्हणजे माझे वडील, समोर बसून गुपचूप जेवायचे आणि मधूनच माझ्याकडे बघायचे.

सर उपदेश करत नसत असं नाही, पण त्यांचा उपदेश वाकडा यायचा. त्यांच्या शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, दोन बहिणींची गोष्ट त्यांनी मला सांगितली. येशू त्यांच्या घरी पाहुणा गेला. एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली, दुसरी स्वयंपाकघरात राबत राहिली आणि शेवटी कुरकुरली, की हिला सांगा ना मला मदत करायला. येशू तिला म्हणाला की तू फार गोष्टींची काळजी वाहतेस, गरज एकाच गोष्टीची आहे.

"सगळे बसलेल्या बहिणीचं कौतुक करतात," सर म्हणाले. "पण मला वाटतं, राबणारीचा स्वयंपाक त्या दिवशी सगळ्यांनी खाल्लाच असणार. काम वाईट नव्हतं. ती काम करत असताना मनानं तिथं नव्हती, एवढंच. बहीण काय करते, पाहुणा काय म्हणेल, भात लागला का. अरे, भात ढवळतेस ना, मग भात ढवळ."

"सर, मग तुम्ही कोण? बसलेली की राबणारी?"

"मी कुरकुरणारी," सर म्हणाले. "रोज सकाळी अर्धा तास मला बसवून ठेवावं लागतं, तेव्हा दिवस जातो."

तो अर्धा तास त्यांचा पक्का होता. उठल्यावर कशालाही हात लावायच्या आधी शास्त्र वाचायचं आणि माणसांची नावं घेऊन प्रार्थना करायची. आमची सगळ्यांची नावं त्यात होती. मॅनेजरचंही. हे ते लपवत नसत, सांगतही सुटत नसत. विचारलं तर सांगत.

हे त्यांना कुणी शिकवलं, तेही एकदा निघालं. तरुणपणी त्यांनी पाच नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या. गावातल्या चर्चच्या एका म्हाताऱ्या पाळकानं त्यांना आठवड्यातून एकदा घरी बोलवायला सुरुवात केली. पाळक काही बोलायचा नाही, समोर शेंगांचं पोतं ठेवायचा. दोघं शेंगा सोलत बसायचे. "सहा महिने मी बडबड केली. मग माझंच मला ऐकू यायला लागलं. तेव्हा कुठे तो बोलला."

"काय बोलला?"

"म्हणाला, आता तू दुसऱ्या कुणाला तरी बसव."

दिवाळीनंतर सर म्हणाले, "आता एक सोड." काय सोडायचं ते सांगेनात. मी खूप विचारलं. "माझं आयुष्य आहे का? तुझं आहे." मी दोन महिने घोळवत बसलो आणि शेवटी नरेशच्या संध्याकाळच्या बैठका सोडल्या. पक्ष सोडला नाही, मंडळ सोडलं नाही, फक्त रोजची बैठक आणि त्यानंतरची गच्ची. क्रिकेट ठेवलं, कारण ते मला खरंच आवडायचं. सरांना हे सांगितल्यावर ते खूश झाले आणि मी कुठल्या नंबरला बॅटिंग करतो ते विचारलं.

नरेश खूश झाला नाही. त्याला कळेना. भांडण नाही, रुसवा नाही, मग माणूस येत का नाही? एके दिवशी गावात मला गाठून म्हणाला, "तू दारू सोडलीस, बैठक सोडलीस, संध्याकाळी घरात बसतोस. त्या पाद्र्यानं तुला काय पाजलंय?"

"ते पाद्री नाहीत. आमचे इन्चार्ज आहेत."

"दर बुधवारी झाडाखाली काय चालतं ते सगळ्यांना माहिती आहे. पोरांना बाटवतोय तो."

हे आधी गावात फिरलं, मग आमच्या घरात आलं. रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "नरेश बोलतो तू धर्म बदललास. खरा हाय का?"

"नाही बाबा."

"मंग रोज येलवर जेवाला कनाला येतंस?"

बायकोला हसू आवरेना. बाबा हसले नाहीत. "बुधवारी मी येतो," म्हणाले. "बघतो त्या मास्तराला."

बाबा एकविरा आईचे भक्त. वर्षातून दोनदा कार्ल्याचा डोंगर चढणारे. जमीन विकल्यापासून त्यांनी गोदामाच्या फाटकात पाय ठेवला नव्हता. मी त्यांना गाडीतून न्यायचो तेव्हाही ते त्या बाजूला बघत नसत. बुधवारी मात्र धुतलेला सदरा घालून आले, सोबत तांदळाच्या भाकरी आणि जवळ्याची चटणी. मी घाबरलो होतो. सर घाबरल्यासारखे दिसले नाहीत, त्यांनी तिसरा क्रेट आणून ठेवला.

सरांनी उघड्या डोळ्यांनी प्रार्थना केली. बाबा त्यांच्याकडे रोखून बघत राहिले. दोघंही एकमेकांकडे बघत होते आणि कुणीच पापणी हलवत नव्हतं.

"झाला?" बाबांनी विचारलं.

"झालं, दादा. घ्या."

"ही भाकर काली का?"

"बाजरीची. आमच्या नगरकडची."

बाबांनी तिचा तुकडा मोडला, आपली तांदळाची अर्धी त्यांच्या डब्यात टाकली. थोडं खाल्ल्यावर म्हणाले, "माज्या पोराला तू काय शिकवतंस?"

सर म्हणाले, "ते त्यालाच विचारा. मी सांगितलं तर मी माझ्या बाजूनं सांगेन. मी ख्रिस्ती आहे, रोज प्रार्थना करतो, तुमच्या मुलासाठीही करतो. ते खरं आहे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घरी जेवायला सांगितलं. आणि एक काम सोडायला."

"कुठला काम?"

"कुठलं ते सांगितलं नाही."

बाबा बराच वेळ चावत राहिले. मग सरांनी विचारलं, "दादा, इथं तुमची शेती होती म्हणे. कुठे होती?"

बाबा उठले. हात धुतले आणि चालायला लागले, सरळ मागच्या दारातून गोदामात. आम्ही दोघं त्यांच्या मागे. आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत रॅक, मधून गल्ल्या, फोर्कलिफ्टची ये-जा. बाबांनी एका खांबावर हात ठेवला. "हितं बांध व्हता. ह्या अंगाला आमचा खाचर, त्या अंगाला चुलत भावाचा." पुढे गेले. "हितं पानी साचाचा. खाडीचा न्हाय, पावसाचा. खाडीचा आला तर भात जलला."

"किती पिकायचं?" सर विचारत होते. "नांगर कुणाचा? लावणीला कोण कोण यायचं?" बाबा सांगत होते. मी बाबांना एवढं बोलताना बऱ्याच वर्षांनी ऐकत होतो. लहान मुलांच्या डायपरचे खोके रचलेल्या गल्लीत येऊन बाबा थांबले. खाली फरशीकडे बघत राहिले.

"हितं खला व्हता," म्हणाले. "माजी आय भात झोडताना हितं बसली. पानी मागितलान. मी पानी घेऊन आलो तवा ती गेलेली."

आजी शेतावर गेली एवढं मला माहिती होतं. पाणी घेऊन आलेले बाबाच होते, हे माहिती नव्हतं.

समोरून फोर्कलिफ्ट येत होती. सरांनी हात वर केला. रफीकनं गाडी बंद केली आणि काही न विचारता खाली उतरून उभा राहिला. सरांनी प्रार्थना म्हटली नाही. हात मागे बांधून बाबांच्या शेजारी उभे राहिले. बाहेर ट्रकवाले गेट पास घ्यायला ओरडत होते, माझ्या नावानं हाका येत होत्या. सर हलले नाहीत म्हणून मीही हललो नाही. बाबांनी खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "चला."

फाटकाशी मी विचारलं, "कसा वाटला माणूस?"

"बरा हाय," बाबा म्हणाले. "ऐकाचा जास्त, बोलाचा कमी."

बाबांचं समाधान झालं, नरेशचं होणार नव्हतं. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली होती आणि पक्षाच्या पॅनेलमधून माझ्या वॉर्डात माझं नाव पक्कं धरलं जात होतं. नरेश घरी आला, चहा प्यायला. "आम्ही सोमवारी कंपनीत निवेदन देणार आहोत. तू फक्त एवढंच बोल, की बुधवारी तुला बळजबरीनं प्रार्थनेला बसवतात. गावातल्या माणसानं बोललं की वजन पडतं. तिकीट तुझंच आहे."

मी दोन दिवस हे कुणालाच सांगितलं नाही. तिकीट मला हवं होतं. सरपंचपदाचं स्वप्न मी कॉलेजपासून बघत होतो. सरांना विचारलं असतं तर ते "तुझं आयुष्य आहे" म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बळजबरी झाली का?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग?" आणि घड्या घालत राहिली.

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये नरेश आणि गावातली सात-आठ माणसं आली. सरांना बोलावलं, मलाही. मॅनेजरला हा विषय लवकर संपवायचा होता. त्यानं सरांना विचारलं, "तुम्ही इथं लोकांसाठी प्रार्थना करता का?"

"घरी करतो. जेवायच्या आधी इथंही करतो."

"कुणासाठी?"

"सगळ्यांसाठी. तुमच्यासाठीही."

मॅनेजरनं कपाळाला हात लावला. एवढं खरं बोलायची गरज नव्हती, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. नरेश माझ्याकडे वळला. "तू सांग."

मी उभा राहिलो. म्हटलं, "मला कुणी बळजबरी केली नाही. मी एकविरेला जातो, गणपती बसवतो, यंदाही बसवणार. सरांनी मला घरी जाऊन जेवायला सांगितलं. याच्यात कुणाचा धर्म बुडत असेल तर मला दाखवा."

दारात रफीक उभा होता, त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "हमको बोला था, गाँव में अम्मी को रोज फोन लगा और बीड़ी छोड़. फोन लगाता हूँ. बीड़ी नहीं छूटी. अब इसमें क्या जबरदस्ती है, साहब?"

एकदोघं हसले. नरेश हसला नाही. जाताना माझ्या जवळून गेला तेव्हा एवढंच बोलला, "बघ आता तुझं तू."

तिकीट दुसऱ्याला मिळालं. सरांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"नाही सर."

"खोटं बोलू नकोस. मी खूश होणार नाही."

"वाटतंय. फार वाटतंय."

"वाटू दे," सर म्हणाले आणि माझ्या डब्यात त्यांच्या पिठल्याचा मोठा घास वाढला.

महिन्याभरात सरांची नागपूरच्या गोदामात बदली झाली. तक्रारीचा उल्लेख कुठेच नव्हता, कामाची गरज म्हणून बदली. सगळ्यांना कळलं काय ते. त्या दिवशी सरांना मी पहिल्यांदा रागावलेलं बघितलं. स्कूटरला किक मारत होते, ती चालू होत नव्हती, आणि ते मारतच होते. मी पुढे झालो तर म्हणाले, "आज माझ्याशी बोलू नकोस. उद्या बोलू." दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे आले. म्हणाले, "काल देवाशी भांडलो. बरंच बोललो त्याला."

"मग?"

"त्यानं ऐकून घेतलं. बदली काही रद्द केली नाही."

निघायच्या आधी त्यांनी मला, बायकोला आणि मुलीला जेवायला बोलावलं. नारपोलीत त्यांचं घर पहिल्या मजल्यावर होतं आणि खाली कापडाच्या लूमचा कारखाना. फरशी सतत हलकी थरथरत असायची, ताटातलं वरणसुद्धा. त्यांच्या बायको शाळेत शिक्षिका होत्या, मोकळ्या स्वभावाच्या. मला वाढता वाढता म्हणाल्या, "हे तुला लक्ष एका जागी ठेवायला शिकवतात ना? गेल्या महिन्यात चर्चला एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून गेले."

"दोन्हींना पॉलिश केलेलं होतं," सर म्हणाले.

"आणि तुला घरी जेवायला सांगतात. लग्नानंतर पाच वर्षं मी यांची वाट बघत जेवायची थांबायची. मीच शेवटी एक दिवस ताट वाढून यांच्या कामावर नेलं आणि सगळ्यांसमोर ठेवलं. हे त्यांनी तुला सांगितलं नसेल."

सर खाली मान घालून जेवत होते. "सांगणार होतो," म्हणाले. "वर्ष संपायचं होतं."

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. सर निवृत्त होऊन नगरकडे गावी गेलेत. मी त्याच गोदामात आहे, आता त्यांच्या जागेवर. निवडणूक मी लढलो नाही. नरेशशी बोलणं आहे, पूर्वीसारखं नाही. धर्म मी बदलला नाही, सरांनी कधी विचारलंही नाही. पण सकाळी अर्धा तास मी आमच्या देवघरासमोर बसतो, आणि त्या वेळी माणसांची नावं घ्यायची सवय मला लागली आहे.

बाबांचं गेल्या वर्षी हृदयाचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं, आता ते गावात फिरतात, मंडळाच्या पोरांना दम देतात. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ठाण्याच्या हॉस्पिटलात आम्ही त्यांच्या खाटेभोवती उभे होतो. बायकोनं त्यांच्या कपाळाला एकविरा आईचा अंगारा लावला. बाबा छताकडे बघत होते. अचानक म्हणाले, "तुज्या मास्तराला फोन लाव."

"आता? कशाला?"

"लाव."

मी लावला आणि स्पीकर चालू करून त्यांच्या तोंडाजवळ धरला. सरांनी उचलला.

"मास्तर, मी वळचा. मना आज चिरनार हायेत."

"कधी, दादा?"

"आता नेतील. तू माज्या पोरासाठी सांगाचास ना तुज्या देवाला, तसा माज्यासाठी सांग."

मग सर हळू आवाजात बोलू लागले, शेजारच्या माणसाशी बोलावं तसे. "प्रभू, हे दादा आहेत. यांना भीती वाटते, पण ते सांगणार नाहीत. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. यांना घरी परत आण. आमेन."

"मना भीती न्हाय वाटत," बाबा म्हणाले.

"बरं, दादा."

"संपला?"

"संपलं."

"येवढाच?"

"एवढंच, दादा."

बाबांनी मला फोन घे म्हणून खूण केली. दारात नर्स आणि दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आले होते. बाबांनी अंगावरची चादर नीट केली आणि मला म्हणाले, "आपल्या आईला मी सांगितलाय, त्याच्या देवाला त्यानी सांगितलाय. आता डॉक्टरला बोल, चालू कर."